अष्टमीची ओहोटी

सर्व मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वेल्सची राजधानी असलेले कार्डिफ हे शहर बघण्यासारखे नाही. ते हुंगण्यासारखे होते, परंतु संबंधितांनी ती सोय आता बंद केली आहे. हे मत माझं नाही. ते कै. एझ्रा थळकर, राहणार हॅरो, यांचं आहे, आणि त्यांनी ते कार्डिफच्या किल्ल्याच्या दारात, तिकिटांच्या रांगेत उभं राहून, भर दुपारी खणखणीत मराठीत जाहीर केलं होतं. पुढच्या जोडप्याने वळून इतक्या आदराने पाहिलं की, हे वयस्कर गृहस्थ कसलीतरी प्रार्थना म्हणताहेत असा त्यांचा समज झाला असावा.

एझ्राकाका माझे लंडनच्या हॅरोमधले शेजारी. माझ्या घरापासून दोन दारं सोडून तिसरं त्यांचं. मूळ गाव अलिबागजवळचं थळ. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून हिब्रू प्रार्थना म्हणायचे आणि ती संपली की त्याच दमात "चला, वालाचं बिरडं निवतंय" म्हणायचे. पूर्वी लंडनमध्ये त्यांच्याशी मराठी बोलणारी त्यांच्याच समाजातली दहा-बारा घरं होती. म्हातारे गेले, मुलं इंग्रजीत स्थिरावली. उरले काका, आणि त्यांच्या वाट्याला आले मी. "देवाने मराठी माणूस पाठवला तोही पुण्याचा," असं ते माझ्या नवऱ्याला दुःखाने सांगायचे. "मुठेला भरती येते का? नाही. मग या बाईला काय समजावणार?"

त्यांचं नाक ही आमच्या गल्लीतली एक संस्था होती. घरात पाऊल टाकलं की उंबऱ्यावरच थांबून म्हणायचे, "हिंग नवा आणलास." किंवा, "दूध उद्या फाटणार आहे, आजच खीर कर." ते आयुष्यभर ट्रेनच्या डेपोत वायरमन होते. फ्यूज उडायच्या आधी त्यांना वायर तापल्याचा वास यायचा, म्हणून तिथले इंग्रज त्यांना 'नोज' म्हणत. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. उलट निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या कपावर तेच नाव होतं आणि तो कप ते पाहुण्यांच्या समोर मुद्दाम ठेवायचे.

पण त्या नाकाला खरी ओढ एकाच वासाची होती: ओहोटीच्या चिखलाचा. थळला पाणी मागे गेलं की काळाभोर चिखल उघडा पडतो, कोळणी वाकून खडकावरची कालवं काढतात, आणि सगळ्या गावावर एक वास पसरतो. कालवं त्यांच्या धर्माला चालत नाहीत. काका म्हणायचे, "धर्माने तोंडाला बंदी केली ग. नाकाला कोण विचारतंय?" लहानपणी ते बांधावर बसून नुसता वास खायचे. हा शब्द त्यांचाच.

पंचविशीत ते विलायतेत आले तेव्हा पहिलं वर्ष कार्डिफला होते. एक मावसभाऊ बोटीवर स्वयंपाकी होता, त्याच्या ओळखीने गोदीत काम मिळालं. खोली थंड, भाषा परकी, जेवणात मीठ सोडून काही ओळखीचं नाही. परत जायचं असं ठरवून ते पैसे साठवत होते. मग एका दुपारी गोदीच्या कडेला गेले तर समोरचा समुद्र निघून गेलेला. मैलभर चिखल, आणि तोच वास. "थळ चालत चालत मला भेटायला आलं असं वाटलं," ते सांगायचे. त्यानंतर ते वर्षभर रोज तिथे जाऊन बसत. म्हणून राहिले. राहिले म्हणून लग्न, मुलगी, हॅरो आणि आम्ही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी काकांना कोविड झाला. आजार किरकोळ होता, आठवड्यात बरे झाले. मला संशय आला तो एका चहामुळे. मी त्या दिवशी आलं टाकायला विसरले होते. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा. आलं काय लागलंय." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आलं टाकलं नाही. हा माझा खट्याळपणा होता आणि त्याची मला अजून लाज वाटते, कारण त्यांनी पुन्हा तीच स्तुती केली, त्याच शब्दांत.

मग एका शनिवारी मी त्यांची थाळी परत द्यायला गेले आणि दार उघडताच गॅसचा भपकारा आला. शेगडीचं बटण उघडं, ज्योत नाही, आणि काका बाजूच्या खोलीत शांतपणे क्रिकेट ऐकत बसलेले. मी खिडक्या उघडल्या, आरडाओरडा केला. ते म्हणाले, "इतकं काय झालं?" त्यांना खरंच काही झालेलं कळलं नव्हतं.

त्यांची मुलगी ज्यूडिथ, म्हणजे ज्यूडी, बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. तिचं मराठी मांडीवर बसायच्या वयात शिकलेलं आणि तिथेच थांबलेलं.

"डॅड, धिस इज नॉट फनी. गॅस चालू होती आणि तुला काय पण नाही कळला. तू माझी घरी ये. रूम रेडी आहे."

"बर्मिंगहॅमला?"

"हो."

"तिथून समुद्र किती लांब?"

"डॅड, प्लीज."

"या देशात समुद्रापासून सगळ्यात लांबचं गाव शोधून मुलगी तिथे राहिली," काका मला म्हणाले. "आईवर गेली आहे."

दोन तास भांडण झालं. शेवटी काकांनी तह मांडला. घरातले हिंग, मिरी, गॅस हे सगळे किरकोळ वास. त्यांच्यावरून नाकाची परीक्षा नको. कार्डिफला जाऊन ओहोटीचा चिखल हुंगायचा. तो आला, तर नाक जिवंत आहे, हळूहळू बाकीचं परत येईल, काका विजेची शेगडी बसवून घेतील आणि हॅरोतच राहतील. नाही आला, तर घर विकायचं आणि बर्मिंगहॅम.

"आणि तू खरं सांगशील?" ज्यूडीने विचारलं.

"मी कधी खोटं बोललोय?"

ज्यूडीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आल्याच्या चहाबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही.

दिवस काकांनी ठरवला. थळकडची माणसं भरती-ओहोटी तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. काकांनी माझ्या स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर उतरवून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि निकाल दिला, "ज्येष्ठ वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. बाराच्या ठोक्याला मी चिखलात असलो पाहिजे." मी सहा आठवडे आधी स्वस्तातली, न बदलता येणारी तिकिटं काढली. ज्यूडी बर्मिंगहॅमहून येऊन कार्डिफ स्टेशनवर भेटणार होती.

तर अष्टमीला आम्ही तिघं पावणेबाराला कार्डिफच्या खाडीवर पोचलो. काकांनी चिखलासाठी जुनी पँट घातली होती. समोर एक देखणं, गुळगुळीत, भरलेलं तळं. कडेने कॅफे, कारंजी, बदकं, पाण्यात वल्ही मारणारी शाळकरी मुलं. काका कठड्याला धरून बघत राहिले. आईस्क्रीमच्या गाडीवरच्या माणसाला मी विचारलं, पाणी कधी उतरतं? तो हसला. म्हणाला, इथे आता भरती-ओहोटी नाही, बांध घालून वीसहून जास्त वर्षं झाली. पूर्वी इथे नुसता चिखल असायचा, घाण वास मारायचा. हे त्याने अभिमानाने सांगितलं.

"समुद्राला कुलूप घातलं," काका म्हणाले.

बांधावरून चालत पलीकडे गेलं की खरा समुद्र आहे असं कळलं, म्हणून आम्ही बांधावरून चालत गेलो. अर्धा तास, उन्हात, ज्यूडीच्या हातावर भार टाकून. पलीकडे खरा समुद्र होता. तपकिरी, मातकट, अगदी आमच्या कोकणच्या रंगाचा, आणि काठोकाठ भरलेला. अजून चढत होता. काकांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. मग पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

ज्यूडीने फोन काढला. दोन सेकंदांत म्हणाली, "हाय टाइड पावणेदोनला. लो टाइड आठ वाजता." आणि मग आमच्या दोघांकडे बघून, "सहा वीक. तुम्ही दोघांनी सहा वीक कोणी फोन नाही बघितला?"

प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं असतं, थळची पाऊणपट थळलाच चालते, हे तिने आम्हाला बांधावरच्या बाकावर बसवून समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "तिथी बरोबर आहे," ते म्हणाले. "समुद्र चुकलाय."

आमची परतीची गाडी साडेपाचची होती. ज्यूडी म्हणाली, मग आज नाही, परत येऊ कधीतरी. काकांनी मान हलवली. "मी एक्याऐंशी वर्षांचा आहे ग. कधीतरी हा वार माझ्याकडे नाही." तेव्हा मी तिकिटं पर्समध्ये खोल कोंबली आणि जाहीर केलं की आम्ही आठपर्यंत थांबतो. आणि अशा रीतीने, समुद्राची वाट बघताना वेळ जावा म्हणून, आम्ही एक राजधानी पाहिली.

किल्ल्याच्या दारातलं मत वर दिलंच आहे. खांदेरी आणि उंदेरी हे दोन किल्ले घराच्या अंगणातून समुद्रात बघत वाढलेल्या माणसाला गावाच्या मध्यावरचा किल्ला दाखवणं हा अपमानच होता. "भोवती पाणी नाही, मग शत्रू येणार कसा? बसने?" मात्र किल्ल्याच्या बाहेरच्या भिंतीवर दगडी जनावरं बसवली आहेत, सिंह, अस्वल, माकडं, भिंतीवर चढून रस्त्यात उतरायच्या बेतात असलेली. ती काकांना फार आवडली. प्रत्येकापाशी थांबून त्यांनी त्याला आमच्या गल्लीतल्या कुणाचं तरी नाव दिलं. माझ्या नवऱ्याला सील मिळाला. आपल्याला काय मिळेल म्हणून ज्यूडी पुढे पुढे जाऊन उभी राहायला लागली, आणि बांधावर आवळलेला तिचा चेहरा तिथे पहिल्यांदा सैल झाला.

मग काचेच्या छपराखालच्या जुन्या गल्ल्यांमधून हिंडलो. मंडईत तव्यावर वेल्श केक भाजत होते. मनुका घातलेल्या छोट्या गोड भाकऱ्याच म्हणा. ज्यूडीने तीन घेतल्या, एक वडिलांच्या हातात दिली. "वास कसला मस्त," ती बोलून गेली आणि ओठ चावला. काका म्हणाले, "गरम आहे." एवढंच. पुढे मासळीचं दुकान होतं. काका तिथे जरा जास्तच वेळ उभे राहिले. कोळंबीच्या बर्फावर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. दुकानदाराने काय हवं विचारलं तर "जस्ट विझिटिंग" म्हणाले, जसं काही ते नातेवाइकाला बघायला दवाखान्यात आले होते.

त्यांना त्या गावात मनापासून आवडल्या त्या पाट्या. सगळीकडे वर वेल्श, खाली इंग्रजी. बसवर, बँकेवर, संडासावरसुद्धा. एका स्टॉपवर दोन बायका वेल्शमध्ये बोलत होत्या, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बस आली, बायका गेल्या, तरी बसून राहिले. "काय कळलं?" मी विचारलं. "काही नाही. पण एक दुसरीला टोमणे मारत होती एवढं कळलं. बरं वाटलं." मग ज्यूडीकडे बघून म्हणाले, "तुझ्याशी मी इंग्रजी कमी बोलायला हवं होतं." ज्यूडी म्हणाली, "डॅड, तू नाइट शिफ्टला होता. तू माझ्याशी काहीच बोलायचा नाही." ती रागाने बोलली नव्हती. काकांनी पुढच्या पाटीवरचं वेल्श मोठ्याने वाचायला घेतलं.

संध्याकाळी आम्ही लोकलने पेनार्थला गेलो. कार्डिफच्या शेजारचंच गाव, तिथे समुद्रकिनारा मोकळा आहे. साडेपाचची गाडी आमच्याशिवाय गेली. सहाला पाणी धक्क्याच्या खांबांवरून उतरायला लागलं. सातला दगडगोटे संपून काळसर काहीतरी चमकायला लागलं. जूनचं ऊन अजून खूप होतं. ज्यूडी चिप्स आणायला गेली आणि बाकावर आम्ही दोघंच राहिलो. मी दिवसभर ज्याच्यासाठी धीर गोळा करत होते ते बोलले.

"काका, एकच शब्द बोलायचा आहे. 'आला.' पुढचं मी बघते. शेगडी मी बसवून घेईन, रोज दोनदा येऊन बघून जाईन."

काका हसले. "चहासारखं म्हणतेस?"

मी पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

"तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं, आलं घातलेलं नाही. पण मी नसतं म्हटलं तर तू रात्रभर हळहळली असतीस. चहाचं चालतं. चिखलाच्या बाबतीत मला जमायचं नाही, मंजू." मला ते कधी नावाने हाक मारत नसत.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको. त्या सप्टेंबरात काकांचं घर विकलं गेलं. तिथे आता एक चांगलं तरुण कुटुंब राहतं; त्यांच्या घरातून कसलाच वास येत नाही. काका बर्मिंगहॅमला ज्यूडीच्या फ्लॅटमध्ये गेले. दर शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. "इथे खिडकीखाली कॅनॉल आहे. पाणी कुठून येत नाही, कुठे जात नाही. तुमच्या पुण्याची आठवण येते." मी तिकडच्या हवेची चौकशी करायची, ते माझ्याकडच्या हिंगाची. पुढच्या वर्षी थंडी संपता संपता ते झोपेतच गेले. मी दफनाला गेले होते. थळची कुणी मूठभर वाळू आणली असती तर बरं झालं असतं, असं मला तिथे उभं असताना सुचलं, पण आणणारं कुणी उरलं नव्हतं. मला त्यांची आठवण नेमकी अशा वेळी येते जेव्हा माझं काहीतरी उतू जातं, करपतं, आणि आधी सांगणारं कुणी नसतं. आता शुक्रवारी दुपारी फोन वाजला तर तो दाताच्या डॉक्टरकडचा असतो.

पण पेनार्थचा तो चिखल अजून माझ्यासमोर आहे.

पावणेआठला काकांनी बूट काढले, मोजे त्यात नीट कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एका बाजूने ज्यूडी, दुसऱ्या बाजूने मी. गोटे टोचत होते, काका मराठीत गोट्यांना काहीबाही बोलत होते. मग पायाखाली मऊ लागलं. घोट्यापर्यंत चिखल. वास तर असा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं: कुजलेलं शेवाळ, गंज, मीठ, मेलेलं काहीतरी, सगळं उन्हात तापलेलं. ज्यूडीने स्वेटरची बाही नाकावर धरली. कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस तर नाक मुरडून लांबून वळसा घालून गेला.

काकांनी आमचे हात सोडवले. हळूच वाकले, ओंजळभर चिखल उचलला, चेहऱ्याजवळ नेला. डोळे मिटले. त्यांच्या नाकपुड्या फुलताना मला दिसल्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बोटांमधून पाणी मनगटावर ओघळत होतं. खूप लांब, पाण्याच्या कडेला, पक्षी चिखलात चोची खुपसत होते. त्यांनी ओंजळ खाली केली नाही. मला वाटलं, म्हणतील. हा माणूस आता म्हणेल, आला, आणि आपण तिघं घरी जाऊ.

"डॅड?" ज्यूडीने विचारलं.

काकांनी डोळे उघडले. चिखलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही ग," ते म्हणाले. "काहीच नाही."

ज्यूडी जिंकली होती. सहा आठवडे तिची खोली तयार होती, पलंगाला धरायला दांडा बसवला होता, डॉक्टरांकडे नाव घातलं होतं. तिने बाही नाकावरून काढली. बुटांसकट चिखलात आणखी दोन पावलं पुढे आली, वडिलांची ओंजळ खालून आपल्या दोन्ही हातांनी धरली, आणि लहान मुलीसारख्या चढ्या आवाजात, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं, तिच्या तोंडून निघून गेलं, "तू वास नीट घेतलीच नाही, डॅड. परत घे."